तुम्ही विचारलंत म्हणून: औषध सगळ्याच पेशींत चालू का नाही ठेवायचं?

निपाणी-चिकोडीकडं एचआयव्हीवर बोलायला गेलो की एक प्रश्न येतोच. सर, विषाणूची जनुकं गप्प करता येतात म्हणता, मग ते सगळ्या पेशींत कायमचं चालूच ठेवा की, लागण झालेल्या पेशीतच चालू व्हायला पाहिजे हा हट्ट कशाला?

आमच्याकडं तंबाखू म्हणजे घरचं पीक, म्हणून तिथनंच सांगतो. १९२८ मध्ये अमेरिकेत विंगार्ड यांनी बघितलं की रिंगस्पॉट व्हायरसनं तंबाखूच्या खालच्या पानांवर कड्याच कड्या उठल्यात आणि त्याच झाडाची नंतर फुटलेली वरची पानं मात्र स्वच्छ. कारण कळायला पुढं कितीतरी वर्षं गेली. झाड विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूचे, २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांशी जुळणारा आरएनए शोधून कापत सुटतं. निरोपच कापला की जनुक गप्प.

आपल्या पेशीतही ही यंत्रणा आहे, पण ती रिकामी बसलेली नाही हो, पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए, म्हणजे तिची जनुकं आवरणारे छोटे आरएनए, तिच्यावरच चालतात. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी उंदरांच्या यकृतात जनुक गप्प करणारे आरएनए बाहेरून रचना घालून भरपूर तयार करायला लावले. ४९ रचना तपासल्या, त्यातल्या ३६ मुळे यकृताला इजा झाली आणि २३ मुळे उंदीर मेले. हंगामात कारखान्याच्या काट्यावर बाहेरच्या गाड्या घुसल्या की सभासदांचा ऊस फडातच वाळतो ना, तसंच, केंद्रकातून बाहेर नेणारं एक्स्पोर्टिन-५ नावाचं प्रथिन या बाहेरून घातलेल्या आरएनएनं अडवून धरलं आणि पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए आतच अडकले. एचआयव्हीचा माणूस वर्षानुवर्षं जगणार आहे, त्याच्या निरोगी पेशींवर हा भार कायमचा टाकायचा? मला हे पटतच नाही.

मग स्विच विषाणूच्याच हातात द्यायचा. एचआयव्ही टॅट नावाचं प्रथिन बनवतो आणि त्यानं स्वतःचीच जनुकं जोरात चालू करतो. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन रॉसी यांच्या गटानं गप्प करणारा आरएनए टॅटनं चालू होणाऱ्या प्रमोटरमागं, म्हणजे जनुकाच्या स्विचमागं, लावून दाखवला. पेशीत विषाणू नाही तर टॅट नाही, मग आरएनए पण जवळजवळ नाही, आणि विषाणू आला की टॅट येतं, आरएनए तयार होतो, विषाणू दबतो, मग टॅटच कमी पडतं आणि आरएनए बनणंही आपोआप मंदावतं. मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडते.

पण त्या 'जवळजवळ'मध्येच सगळी मेख आहे. स्विच थोडा गळतोच. शिवाय टॅट बनेपर्यंत विषाणू पेशीच्या डीएनएत जाऊन बसलेला असतो, तो काही त्यातनं निघत नाही. आणि हा विषाणू एखाददुसरं अक्षर बदलूनही निसटतो, त्यामुळं एकाच जागी नेम धरून भागत नाही, न बदलणाऱ्या दोन-तीन जागा एकदम धराव्या लागतात.

म्हणून 'मग आता गोळ्या सोडल्या तर चालेल काय' असं जे हळूच बाजूला घेऊन विचारतात त्यांना माझं उत्तर ठाम आहे, नाही. हे अजून दवाखान्यात आलेलं नाही, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या एक दिवससुद्धा चुकवू नका.