सातवा महिना लागताना निघालेली शुगर

गरोदरपणात शुगर निघाली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गोड फार खात होतीस का?" मी चहासुद्धा अर्धा चमचा साखरेचा पिते. वजन बेताचं. पण आजीला, म्हणजे आईच्या आईला, मधुमेह होता आणि मला कॉलेजपासून पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजांडांचा त्रास. डॉक्टर मॅडमनी हे दोन्ही पहिल्याच भेटीत फाइलवर लिहून ठेवलं होतं, गोडाबद्दल त्यांनी विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात केलेली पहिली तपासणी नॉर्मल आली होती, त्यामुळे दुसऱ्यांदा कशाला, असं वाटलं होतं. पण 24 ते 28 आठवड्यांमध्ये ती पुन्हा करायचीच असते. त्या सुमारास वार (प्लॅसेंटा) मोठी झालेली असते आणि तिच्यातून जी हार्मोन्स सुटतात ती आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर कमी पडू नये अशी निसर्गाची सोय. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून ते भरून काढतं. माझं कमी पडलं, इतकंच. बाळाकडे जास्त साखर गेली की त्याचं स्वादुपिंडही जास्त इन्शुलिन करायला लागतं, बाळ अंगानं वाढतं, बाळंतपणात खांदे अडकू शकतात आणि जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली येऊ शकते. आईचं बीपी वाढायचा धोकाही असतो.

तपासणी म्हणजे 75 ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्याकडे अनेक ठिकाणी वापरतात त्या पद्धतीत उपाशी जावं लागत नाही. माझा आकडा 162 आला तेव्हा नवरा म्हणाला, "डबा खाऊन गेलीस ना, म्हणून असेल." मॅडमनी सांगितलं की शरीर नीट काम करत असेल तर जेवून आलेल्या बाईचीही दोन तासांनी 140 च्या आत यायला हवी. (ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बिचारीचं तेच झालं.)

मग ठरलं की दोन आठवडे जेवण आणि चालणं सांभाळायचं. त्यानं आकडे आले नाहीत तर इन्शुलिन. आकडे म्हणजे उपाशीपोटी 95 च्या खाली, जेवणानंतर एका तासानं 140 च्या खाली किंवा दोन तासांनी 120 च्या खाली. ग्लुकोमीटर घेतला. बोट टोचताना टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं. हे सिस्टरनी सांगितलं म्हणून मी पुढचे महिने काढू शकले.

सोबत आहाराचा एक छापील कागदही मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि क्विनोआ. आमच्या घरात क्विनोआ कोणी पाहिलेलाही नाही. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि आमच्याच स्वयंपाकघरातलं एकेक मशीनवर तपासायला लागले.

सगळ्यात अवघड निघाला सकाळचा नाश्ता. सकाळी शरीर इन्शुलिनला आणखीच कमी दाद देतं, त्यामुळे दुपारी जे पचतं ते सकाळी चढतं. पोहे चढायचे, उपमा थोडा कमी. साबुदाण्याची खिचडी मी फक्त एकदाच तपासली, परत धाडस झालं नाही. धक्का दिला तो नाचणीच्या खिरीनं. "नाचणी शुगरला चांगली" हे ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकलं होतं. नाचणीची भाकरी ठीक असते, पण सत्त्व काढून पातळ शिजवलेली नाचणी झरझर साखर बनते. शेवटी सकाळी दोन मुगाची धिरडी किंवा अंडं आणि एक भाकरी यावर गाडी आली. मी माहेरची जळगावची, नाशकात दिलेली. त्यामुळे कळण्याची भाकरी माझ्या मदतीला आली. ज्वारीत उडीद असल्यामुळे ती नुसत्या ज्वारीपेक्षा हळू चढते, निदान माझ्या बोटावर तरी तसंच दिसलं. जेवताना आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, भाकरी नंतर, एवढा क्रम बदलला तरी आकड्यात फरक पडायचा. बँकेत काउंटरवर बसून काम, म्हणून डबा खाल्ला की मागच्या पॅसेजमध्ये दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारायचे. शिपाईकाका सुरुवातीला विचारायचे, "मॅडम, काही हरवलंय का?"

घरच्यांना समजावणं मात्र जेवणापेक्षा अवघड गेलं. सासूबाई मनानं फार चांगल्या. पण "दोन जिवांचं खायचं असतं गं" म्हणत ताटात तूपभाताचा आणखी एक चमचा यायचाच. मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. सहाव्या महिन्यानंतर बाईला दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि ग्लासभर दूध. दोन माणसांचं ताट नव्हे. हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं, उपयोग शून्य. मग एका रविवारी जेवणानंतर मशीन त्यांच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "आई, तुम्हीच बघा." 171 आकडा त्यांनी स्वतः वाचला. त्यानंतर भाताचा चमचा आला नाही. उलट पाहुण्यांनी आग्रह केला की आतून त्यांचाच आवाज यायचा, "नको देऊस तिला, मला तास झाल्यावर बघावं लागतं." माझा हट्ट त्यांनी ऐकला नसता, मशीनचं ऐकलं. मला त्यात अपमान वाटला नाही. काम झालं.

याचं दुसरं टोकही असतं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं तिच्या वेळी भाकरी-भात पूर्ण बंद केला होता आणि लघवीत कीटोन्स निघाले होते, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागल्याची खूण. मॅडमनी मला बजावलं होतं की शुगर कमी आणायला उपाशी राहायचं नाही. तीन मोठी जेवणं करण्यापेक्षा तीन बेताची आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडंथोडं खायचं. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे नाहीतर ताक आणि फुटाणे. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, दोन्हींत अंतर ठेवायचं. मधुमेह निघाला म्हणून या गोळ्या कोणी बंद करत नाही, हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या नात्यात एकीनं केल्या होत्या.

जेवणानंतरचे आकडे दोन आठवड्यांत आले. उपाशीपोटीचा मात्र 95 च्या वरच, कधी 101, कधी 104. रात्री खाल्लेल्या-न खाल्लेल्यानं त्याला फारसा फरक पडत नव्हता. मग झोपताना इन्शुलिन सुरू झालं. मला रडू आलं, पण सुईच्या भीतीनं नव्हे. पेनाची सुई चार मिलिमीटरची, मांडीत टोचल्याचं कळतही नाही. रडू आलं कारण आमच्याकडे इन्शुलिन म्हणजे आजीचे शेवटचे दिवस. मॅडमनी दोन वाक्यांत भीती घालवली. इन्शुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. आणि बाळंतपण झालं, वार बाहेर पडली की बहुतेकींचं ते त्याच दिवशी बंद होतं.

एकदा पहाटे घामानं जाग आली, हात थरथरत होते. आकडा 64. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग एक पोळी खाल्ली. सकाळी फोन केल्यावर डोस दोन युनिटनं कमी झाला. तेव्हापासून उशाशी साखरेची डबी असायची. नवऱ्यालाही सांगून ठेवलं की मी बेशुद्ध असले तर तोंडात काही घालू नको, आधी गाडी बोलव.

डोहाळे जेवण झालं, ओटी भरली, फोटोत माझ्या ताटात पाच पक्वान्नं दिसतात. खाल्ली ती एक करंजी. त्याचं काही विशेष वाटलं नाही.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, मात्र वाटलं. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर घर ओकंबोकं वाटतं, आणि आमच्याकडे तेव्हा खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. आठवा महिना, जळगावचं ऊन. मॅडमनी बीपी आणि बाळाची वाढ बघून परवानगी दिली, पण अटी घातल्या. रेल्वेनं जायचं, मध्ये उठून चालायचं, पाणी पीत राहायचं, फाइल सोबत ठेवायची आणि जवळचा प्रसूतीची सोय असलेला दवाखाना आधी विचारून ठेवायचा. इन्शुलिनचं चालू पेन फ्रिजमध्ये ठेवावंच लागत नाही, पण तिथल्या उन्हात 43-44 अंशांत ते बाहेरही राहू शकत नाही. आईनं मातीच्या ओल्या मडक्यात डबी ठेवून त्यात ते ठेवलं. फ्रिज होता, पण लाइटचा भरवसा नव्हता.

आमरस मी खाल्ला. छोटी वाटी, साखर न घातलेला, भाकरी-उसळीनंतर आणि पुरणपोळी सोडून. पहिला आकडा आला 220! बोट आंब्याचं होतं. हात साबणानं धुऊन परत टोचलं तर 133. फळ चिरून, सोलून हात तसाच मशीनला लावला की हे होतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "माझंही बघ गं जरा." तिनं कधी तपासलंच नव्हतं. जेवून दोन तास झालेले, आकडा 248. दुसऱ्या दिवशी लॅबमधून उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी करून आणली तर मधुमेह पक्का. पाय रात्री जळजळतात म्हणून ती दोन वर्षं वातावरचं तेल चोळत होती. माझ्यावेळी तिला शुगर होती का, हे आता कोणाला कळणार. तेव्हा जळगावात असं कोणी तपासत नव्हतं.

तिकडेच समजलं की चाळीसगावकडच्या आमच्या चुलत वहिनीचीही ही तपासणी झाली होती, तीही फुकट. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात. गावातली आशाताई तिला घेऊन गेली होती. तेव्हा हे शहरातल्या खासगी दवाखान्याचं लचांड आहे असं समजू नये.

शेवटच्या दोन महिन्यांत सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बघायचे, कारण जास्त साखर आधी तिथे दिसते. आमचा आठवड्यांच्या जरा पुढे होता, मग तिथेच थांबला. डाव्या कुशीवर झोपून हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातावर सूज, पाणी जाणं, रक्त जाणं, हालचाल मंदावणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. एका संध्याकाळी बाळ गप्प वाटलं म्हणून आम्ही गेलो. पट्टा लावून ठोके बघितले, सगळं ठीक होतं. कोणी "उगाच आलात" म्हटलं नाही.

39 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायचं औषध दिलं. बारा-तेरा तास गेले, त्याचं वर्णन करत नाही. नॉर्मल झालं. मुलगी, 3.1 किलो. तासाच्या आत तिला अंगावर पाजायला दिलं आणि मग टाचेतून रक्त घेऊन तिची शुगर बघितली. 45 च्या जरा खाली आली. मामेसासूबाई लगेच म्हणाल्या, "मग मध चाटवा ना." सिस्टरनी स्पष्ट नकार दिला. मधातून बाळाला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो, वर्षाच्या आत तो द्यायचाच नसतो. पुन्हा पाजलं, पुन्हा टाच टोचली, वर आली. नंतर ठरावीक वेळानं बघत राहिले. माझं इन्शुलिन खरंच त्याच दिवशी बंद झालं.

डिंकाचे लाडू आले, डबा भरून. सासूबाईंनी गूळ निम्मा घातला होता आणि वर खारीक-खोबरं वाढवलं होतं. अंगावर पाजताना भूक मरणाची लागते, त्यामुळे सकाळी एक खायचेच.

सहा आठवड्यांनी परत तेच 75 ग्रॅम, पण या वेळी उपाशीपोटी. ही तपासणी बहुतेक जणींची राहून जाते, कारण तान्हं बाळ सोडून दोन तास लॅबमध्ये कोण बसणार. मी बाळाची दीड महिन्याची लस आणि माझी तपासणी एकाच सकाळी ठेवली. लस टोचून घेतलेली पोर माझ्या मांडीवर रडून झोपली, दोन तास निघून गेले. उपाशीपोटी 88, नंतर 117. मॅडमनी फाइलवर लिहिलं : दरवर्षी एकदा तपासणी, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत. नवऱ्यानं मुलीच्या वाढदिवसाच्या पुढच्या आठवड्यात फोनमध्ये आठवण टाकली आहे, माझ्या नावानं आणि आईच्या नावानं.