टायटॅनियमचा पॅन मुरतोय का? आतापर्यंतची प्रगती

मंडळी, टायटॅनियमच्या पॅनवर बिडासारखं सीझनिंग, म्हणजे तेल तापवून पक्का थर बसवायचा माझा प्रयोग चाललाय, त्या पॅनची आजची अवस्था अशी: मधोमध तपकिरी, कडेला अजून राखाडीच, आणि दांड्याच्या बाजूला एक मोरपिशी झाक आलीय जी कितीही घासली तरी जात नाही. बिडाच्या तव्यासारखा काळाकुळकुळीत झालेला नाही आणि माझं मत आता असं झालंय की तो होणारही नाही, आणि त्याच्या मागं लागण्यात अर्थही नाही. तरी पण अंडं सुटतंय, थालीपीठ सुटतंय. कसं ते सांगतो.

आधी पॅन कुठला ते सांगायला पाहिजे, कारण टायटॅनियम ह्या नावाखाली बाजारात काय वाट्टेल ते खपतंय. आमच्या बेळगावात गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात भांड्याच्या दुकानात विचारलं की जे पुढं ठेवतात ते बहुतेक अॅल्युमिनियमचे नॉनस्टिकच, कोटिंगमध्ये थोडं टायटॅनियम घातलेलं असतं म्हणून नाव टायटॅनियम. तसला असेल तर सीझनिंगच्या नादाला लागूच नका, टेफ्लॉनचं कोटिंग २६० डिग्रीच्या वर खराब व्हायला लागतं आणि अजून तापवलं की जो धूर निघतो त्यानं घरातला पोपट मरू शकतो, थट्टा नाही. दुसरा प्रकार थरांचा, आत टायटॅनियम, मधे अॅल्युमिनियम, बाहेर स्टील. माझा तिसरा, नुसत्या टायटॅनियमच्या एकाच पत्र्याचा, आतून थोडा खरखरीत. चुंबक चिकटत नाही, पण ती परीक्षा अर्धवटच हं, अॅल्युमिनियमलाही चिकटत नाही. हातात घेऊन वजनानं कळतं, टायटॅनियमची घनता ४.५, लोखंडाची ७.८ च्या आसपास आणि अॅल्युमिनियमची २.७, म्हणजे हा बरोबर मधला. इंडक्शनवर ठेवला तर नीट तापत नाही, आमच्या शेगडीनं तर भांडंच नाही म्हणून शिट्टी मारली. म्हणजे गॅसच.

आता खरी अडचण. पॅन पातळ, गॅसची ज्योत गोल, आणि जिथं ज्योत लागते तिथं बरोबर गोल कडं करपतं आणि दोन बोटं पलीकडं आमलेट कच्चं. आमचे मामा उद्यमबागेत मशीन शॉपला असतात, विमानाच्या पार्टांची कामं इकडं बरीच चालतात त्यामुळं टायटॅनियम त्यांच्या रोजच्या हाताखालचं. त्यांना पॅन दाखवला तर हसायलाच लागले. "अरे, हे जाळ पुढं सोडत नाही बघ. लेथवर लावलं की सगळी गर्मी टूलच्या टोकाला, गार करायला कुलंट धो धो सोडायला लागतंय, नाहीतर टूल जातंय. आणि तू ह्याच्यावर पोळे घालालायस व्हय?" मी म्हटलं मामा, तुम्ही बघा तरी. पण बोलले ते शंभर टक्के खरं. उष्णता वाहून नेण्याचा आकडा बघितला तर अॅल्युमिनियमचा २३० च्या पुढं, बिडाचा पन्नासच्या आसपास आणि टायटॅनियमचा वीसेक. स्टेनलेस स्टील ह्याच्याहून थोडं खालीच आहे, म्हणून तर चांगल्या स्टीलच्या पॅनला बुडाला अॅल्युमिनियमचा जाड थर देतात.

ह्यावर उपाय घरातच निघाला. दम द्यायला किंवा दूध उतू जाऊ नये म्हणून खाली तवा ठेवतात की नाही, तसा आईचा जुना बिडाचा तवा खाली आणि त्यावर हा पॅन. तवा आधी मंद आचेवर चांगला तापू द्यायचा, घाई केली की काही उपयोग नाही. करपलेलं कडं गेलं आणि आच सगळीकडं सारखी लागायला लागली. आई म्हणते "मग तव्यावरच घाल की, वर हे कशाला." ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, छंद आहे एवढंच.

सीझनिंगचं बोलायचं तर बिडाला तेल का धरतं आणि टायटॅनियमला का नाही हे आधी समजून घेतलं. बिडाचा पृष्ठभाग खडबडीत, बारीक खळगे असतात, आणि लोखंड स्वतःच तेल घट्ट व्हायला मदत करतं. टायटॅनियमवर हवा लागली की लगेच ऑक्साइडचा एक थर बसतो, नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ पण एवढा पक्का की मीठ, चिंच, पाणी कशालाच दाद देत नाही. गंज न लागण्याचं कारण तेच आणि तेल न धरण्याचंही बऱ्याच अंशी तेच. म्हणून आतून खरखरीत पॅन घेतलेला बरा, आरशासारखा चकचकीत असला तर थर बसणं आणखी अवघड.

तेल कुठलं यावर भांडणं करणारे आपल्यात बरेच आहेत म्हणून मी पॅनच्या मधून खडूनं रेघ मारली आणि डाव्या अर्ध्याला जवसाचं, उजव्या अर्ध्याला करडईचं लावलं. दोन्ही घाण्याचं. आयोडीन व्हॅल्यू जितकी जास्त तितकं तेल लवकर वाळून कडक होतं: जवस १७० ते २००, करडई साधारण १४०, शेंगतेल शंभराच्या अलीकडंपलीकडं, खोबरेल दहाच्या आसपास म्हणजे ह्या कामाला बादच. लावायची पद्धत तीच जुनी, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून घासायचा, मग सुती फडक्यानं पुसायचं, एवढं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं, मग धूर निघून थांबेपर्यंत तापवायचं आणि आपोआप गार होऊ द्यायचं. खिडकी उघडी ठेवा, जवसाचा वास घरभर होतोय, आमच्या वहिनींनी त्या दिवशी स्वयंपाकघरावर बहिष्कार घातला.

निकाल असा. जवसाची बाजू आधी दिसायला झकास, मधाच्या रंगाची, हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत. नंतर कांदा परतताना उलथनं थोडं जोरात लागलं आणि तिथनं एक पापुद्रा उठला, नखाएवढा, उजेडात धरला तर आरपार पिवळा दिसत होता, आणि खाली धातू जसा आणला तसाच कोरा. तिथनं पुढं रोज थोडं थोडं सुटत गेलं. जवसाचा थर कडक असतो पण ठिसूळ, बिडावरही बऱ्याच जणांना हाच अनुभव आहे. करडईची बाजू डागाडागाची, दिसायला बेकार, पण धरून राहिली. एक सांभाळा, करडई घेताना हाय ओलिक लिहिलेलं घेऊ नका, ते तळायला चांगलं पण वाळत नाही.

मग डावी, जवसाची बाजू पूर्णच काढून टाकली. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं आणि तारेच्या घासणीनं घासलं, टायटॅनियमला सोड्यानं काही झालं नाही. थरांचा पॅन असेल तर मात्र सोडा नको, काठाला मधलं अॅल्युमिनियम उघडं असतं ते खाल्लं जातं. आता सगळीकडं करडईच.

तो मोरपिशी रंग. तो तेलाचा नाही आणि डागही नाही, जास्त तापलं की ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्याच्यातनं उजेड परतताना रंग दिसतो, आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा. धातूत रंग असा काही नसतोच. लिंबू, व्हिनेगर लावून जात नाही, पॉलिश पेपरनं घासलं तरच जातो, पण मी ठेवलाय, छान दिसतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र वेगळे, ते चिंचेनं लगेच निघतात.

रोजची निगा म्हणाल तर अगदी कमी. गरम पाणी, नारळाची शेंडी, हट्टी काही असेल तर जाड मीठ. टोमॅटोचं सार, आमटी, सोलकढीची फोडणी बिनधास्त करा, धातूला ढिम्म होत नाही, फक्त तेलाचा थर उतरतो, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात तेल. आणि पावसाळ्यात खरी मजा. आमच्याकडं, त्यातून खानापूर-जांबोटीकडं, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात, बिडाचा तवा एक रात्र ओला राहिला की सकाळी तांबूस. हा पॅन सिंकमध्ये भिजत पडला होता, पुसला आणि वापरला.

म्हणून माझा हिशेब आता असा आहे की ह्याच्यावरचा थर बिडासारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचा नाही, तो तात्पुरता धरायचा. रोज पहिल्यांदा पॅन तवा खाली ठेवून तापवायचा, पाण्याचा थेंब टाकला की पाऱ्यासारखा गोल पळायला पाहिजे, मग आच कमी करून तेल, तेल पसरलं की अंडं. थंड पॅनमध्ये अंडं टाकलं तर ते धातूलाच चिकटतं, मग थर असो नाहीतर नसो. टाकल्यावर लगेच उलथनं घालायचं नाही, खालची बाजू बसली की स्वतःहून सुटते.

थालीपीठ पण जमलं, थापून झाकण ठेवून, कडेनं शेंगतेल सोडून. ज्वारीचं पीठ जास्त घातलं तर चिकटतं, थोडं बेसन घातलं की सुटतं. भाकरी ह्याच्यावर नाहीच, तिला जाड बूडच पाहिजे. डोसा अर्धाच यशस्वी, मधे कुरकुरीत आणि कडेला पांढरट, कारण खालचा तवा पॅनपेक्षा लहान पडतोय. भांड्याच्या दुकानात मोठा बिडाचा तवा बघून आलोय, बुडाला एकदम सपाट, पॅन न डुगडुगता बसतो. तो आणला की तांदळाची घावनं घालून बघणार आहे. कुणी थरांच्या पॅनवर घावनं काढली असतील तर तेल कुठलं आणि आच किती ते सांगा.