आमची वाटचाल: मोटारी भरण्यापासून वीज मोजण्यापर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यात वडिलांनी मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत तांब्याची नवी तार भरून देण्याचं, दुकान टाकलं. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतून मोटारी यायच्या, हातगाडीवरून, कधी सायकलच्या कॅरिअरला बांधून. मी दहावीच्या सुट्टीपासून तिथेच. जळालेली मोटार उघडली की आधी करपलेल्या वार्निशचा वास यायचा, मग रंग दिसायचा. वडील वाइंडिंग नुसतं बघून सांगायचे. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या, म्हणजे लोड जास्त झाला. एकाच फेजच्या करपल्या आणि बाकीच्या तांब्यासारख्या लखलखीत, म्हणजे दुखणं मोटारीचं नाही, लाइनचं. पण गिऱ्हाइकाला मोटार भरून हवी असायची, कारण नको असायचं. आम्हीही भरून द्यायचो.

एका अण्णांच्या टॉवेल कारखान्यातली साडेसात एचपीची मोटार एकाच उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आली, तेव्हा वडील म्हणाले, "आता भरू नकोस. आधी तिथं जाऊन बघ." मी मीटर घेऊन गेलो. मोटारीच्या टर्मिनलवर फेज ते फेज आकडे आले 415, 393 आणि 392. कारखान्याचा वायरमन म्हणाला, "सरासरी चारशे येतंय की, काय वाईट आहे?" सरासरी 400 होती हे खरंच, 415 पेक्षा 4 टक्केसुद्धा कमी नाही. पण मोटारीला सरासरी कळत नाही. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा 15 व्होल्टने लांब होता, म्हणजे 3.75 टक्के असमतोल. असमतोलाचा वर्ग करून दुप्पट केला की मोटारीची तापमानवाढ साधारण किती टक्क्यांनी वाढते ते कळतं. इथे ती 28 टक्के आली. सर्वसाधारण मोटार भोवतालचं तापमान 40 अंश धरून बनवलेली असते, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 40 वर काटा थांबतच नाही. दर 10 अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशेब. मोटार तिसऱ्यांदा का आली ते तिथेच कळलं.

चूक बाहेरच्या लाइनची नव्हती. कारखान्यातले सगळे कूलर, ट्यूबलाइट आणि शिलाई मशिनं एकाच फेजवर चढवलेली होती, आणि तिथली केबलही लांब होती. लोड तिन्ही फेजवर वाटून दिला. ती मोटार परत आमच्याकडे आली नाही. भरणावळ बुडाली, पण वडिलांचा चेहरा मी कधी एवढा खुललेला पाहिला नव्हता.

तिथून आमचा धंदा कारखान्यांत जाऊन वीज मोजण्याकडे आणि तिचा अहवाल देण्याकडे वळला. मात्र पुढची काही वर्षं आम्ही अर्धवटच मोजत होतो. दिवसातून चार वेळा रीडिंग, वहीत तक्ता, खाली सरासरी. वहिनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. एका रविवारी त्यांनी ती वही चाळली आणि म्हणाल्या, "भावजी, नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून माणूस बुडायचा राहतो का? पसारा दाखवा. शंभरातली किती रीडिंगं कुठवर जातात ते दाखवा." त्या दिवसापासून त्या आमच्या भागीदार आहेत. अहवालातला आकड्यांचा एकही तक्ता त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही.

मग कर्ज काढून 'अ' वर्गाचा, म्हणजे सगळ्यात अचूक वर्गाचा, पॉवर क्वालिटी ॲनालायझर (विजेची गुणवत्ता नोंदवणारा मीटर) घेतला. आयईसी 61000-4-30 या मानकाप्रमाणे तो 50 हर्ट्झच्या विजेच्या दर 10 आवर्तनांची, म्हणजे साधारण 200 मिलिसेकंदांची, व्होल्टेजची एक किंमत (आकडा) काढतो आणि त्यांतून 10-10 मिनिटांच्या किंमती बांधतो. एका आठवड्यात अशा 1,008 किंमती होतात. ईएन 50160 हे युरोपचं मानक म्हणतं की त्यातल्या 95 टक्के किंमती ठरलेल्या व्होल्टेजच्या 10 टक्के वर-खाली या पट्ट्यात हव्यात. ऐकायला कडक वाटतं. पण उरलेले 5 टक्के म्हणजे आठवड्यातले 8 तास 24 मिनिटं! कारखान्याची एक अख्खी पाळी. म्हणून आम्ही 95 वा शतमक, म्हणजे 95 टक्के किंमती ज्याच्या आत येतात तो आकडा, तर देतोच, पण त्याच्या पलीकडची प्रत्येक किंमत कोणत्या वारी, किती वाजता आली तेही छापतो. रात्री दोनला व्होल्टेज वर जाणं आणि सकाळी नऊला खाली जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एका टक्केवारीत कोंबणं मला पटत नाही.

सगळ्यात मोठा धडा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मिळाला. रेपियर माग (धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग) मध्येच थांबायचे, पुन्हा सुरू केले की कापडावर आडवी रेघ, माल दुय्यम प्रतीत. आठवड्याची नोंद मात्र स्वच्छ. मालक वैतागले, "तुमचं यंत्र काय कामाचं?" वहिनींनी कागदावर हिशेब मांडला: 230 व्होल्टची वीज एक दशांश सेकंदासाठी निम्म्यावर आली, तरी 10 मिनिटांच्या किंमतीत फरक पडतो जेमतेम 0.014 व्होल्टचा. माग बंद पडतो आणि नोंदीत ओरखडाही उठत नाही. असे डिप, म्हणजे व्होल्टेजचे क्षणभराचे खड्डे, वेगळे पकडावे लागतात. व्होल्टेज 90 टक्क्यांच्या खाली गेलं की एक घटना, आणि प्रत्येक घटनेचे दोन आकडे: किती खोल गेलं आणि किती वेळ टिकलं.

घटना मोजायच्या तर आठवडा पुरत नाही. वहिनींचा नियम असा की 16 घटना हाती आल्या तर महिन्याच्या सरासरीचा अंदाज 50 टक्के इकडे-तिकडे, आणि 10 टक्क्यांच्या आत यायचं तर 400 घटना लागतात. शिवाय वळवाचा पाऊस, विजा, तारांवर पडणाऱ्या फांद्या. मेमधले आकडे जानेवारीला लागू पडत नाहीत. तिथे आम्ही मीटर पाच महिने ठेवला. शेवटी मागांच्या थांबण्याच्या वेळा जॉबरच्या (माग सांभाळणाऱ्या कारागिराच्या) वहीतून घेऊन डिपच्या वेळांशी जुळवल्या, आणि बहुतेक सगळ्या जुळल्या. कंट्रोल पॅनेलमधले कॉन्टॅक्टर, म्हणजे मागाला वीज जोडणारे चुंबकी स्विच, सुटत होते. एका विक्रेत्याने त्यांना मोठा सर्व्हो स्टॅबिलायझर सुचवला होता. सर्व्हो मोटर फिरून व्होल्टेज सावरेपर्यंत 100 मिलिसेकंदांचा डिप येऊन गेलेलाही असतो. आम्ही फक्त कंट्रोल सप्लायला (या स्विचना चालवणाऱ्या विजेला) छोटा यूपीएस बसवायला सांगितला. स्टॅबिलायझर आमच्यामार्फत गेला असता तर कमिशन चांगलं होतं. त्या वर्षी कर्जाचे हप्ते थकले, तरी मला आजही तोच सल्ला बरोबर वाटतो.

एका मोठ्या गिऱ्हाइकाने अहवालातलं हार्मोनिक्सचं, म्हणजे विजेच्या लहरीतल्या बिघाडाचं, पान काढून टाकायला सांगितलं होतं, कारण दोष त्यांच्याच ड्राइव्हचा (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) निघाला होता. पान काढलं नाही, बिलही मिळालं नाही.

लोक फ्रिक्वेन्सीबद्दल, म्हणजे विजेच्या सेकंदाला 50 आवर्तनांबद्दल, फार विचारतात, म्हणून तेही सांगतो. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी एका तालात आलं. सोलापूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. तेव्हापासून तुमच्या शेडमधली फ्रिक्वेन्सी तीच जी चेन्नईत आणि दिल्लीत. माग थांबण्याचं कारण तिथे शोधू नका, आपल्या फीडरवर (आपल्या भागाला वीज आणणाऱ्या लाइनवर) आणि आपल्या पॅनेलमध्ये शोधा.

आज आम्ही सहा जण आहोत आणि चार ॲनालायझर आहेत. रिवाइंडिंगचा गाळाही चालू आहे, वडील सकाळी दोन तास बसतात. जळालेली मोटार आली की अजूनही आधी कॉइलींचा फोटो निघतो आणि तो वहिनींच्या लॅपटॉपवर त्या कारखान्याच्या नोंदीशेजारी लागतो. या घडीला एक मीटर होटगी रोडच्या एका शेडमध्ये लावलेला आहे. गुरुवारी उतरवायचा आहे.