कुंभारणीचं घर

चवथ आठ दिवसांवर आली म्हणून देवखोलीतली जळमटं काढत होते. तसबिरीमागे भिंतीला मातीचा गोळा चिकटलेला दिसला. कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतल्या किड्याचं घर. झाडूने उडवलं तर आतून पाच-सहा हिरव्या अळ्या पडल्या आणि त्यांना चिकटलेला एक पांढरा किडा. अळ्या मेलेल्या नव्हत्या. काडी लावली की एखादी किंचित वळवळायची, बस्स.

काका आरामखुर्चीतून बघत होते. त्यांचं अर्धं आयुष्य देवळातल्या कीर्तनांत गेलंय. म्हणाले, "बघ गो, अळी कुंभारणीचा ध्यास घेते आणि कुंभारीणच होते. भक्ताचंही तसंच."

मी बारावीला बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे जीभ आवरली नाही. "काका, ती कुंभारीण होत नाही. कुंभारीण डंख मारून तिला लुळी करते, घरात कोंबते आणि अंडं घालते. पिल्लाला ताजं खाणं हवं, म्हणून अळी जिवंत."

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "हेच तुमच्या डार्विनचं. बळी तो कान पिळी. मग पोरांना पाप-पुण्य कशाला शिकवायचं?"

ह्याचं उत्तर मला पाठ आहे, वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. 'लायक तोच टिकेल' हे शब्द मुळात हर्बर्ट स्पेन्सर ह्या इंग्रज तत्त्वज्ञाचे, १८६४ चे. डार्विनने ते 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' ह्या आपल्या पुस्तकाच्या १८६९ च्या आवृत्तीत उसने घेतले. १८७१ मध्ये माणसाच्या नीतीबद्दल लिहिताना त्याने तिचं मूळ शोधलं ते कळपाने राहणाऱ्या प्राण्यांच्या आपसातल्या मायेत. आणि माकडाशी नातं म्हणाल, तर मारुतीला तेल घालणाऱ्या घरात त्याची कसली लाज!

"मासा, कासव, मग माणूस, दशावतारात ही उत्क्रांती आहेच" असंही काका अधूनमधून म्हणतात. मला ते नको वाटतं. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, ही गोष्ट मी लेकीला रंगवून सांगते, पण भूगोलाच्या पेपरात लिहू देत नाही.

अळीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. खुद्द डार्विनही इथेच अडला होता. दयाळू देवाने सुरवंटांना आतून जिवंत खाणारे कीटक मुद्दाम घडवले असतील हे पटत नाही, असं त्याने १८६० मध्ये असा ग्रे ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिलं. ग्रे श्रद्धाळू ख्रिश्चन, तरी अमेरिकेत डार्विनची बाजू मांडणारा तोच. मीही तशीच काहीशी. संध्याकाळी समई लावते, हात जोडते, आणि अळी डोक्यातून जात नाही.

"मग कीर्तनात काय सांगायचं?" काकांनी विचारलं.

"ध्यासाचं सांगा ना. ते खरंच आहे. अळी तेवढी गाळा."

"अळीशिवाय दृष्टांत कसला!" असं पुटपुटत ते उठले. फुटलेली माती सुपलीत भरली आणि पांढऱ्या किड्याला परसातल्या माडाच्या मुळाशी नेऊन ठेवलं. अळ्यांसकट.