गोधडीला चालणारी चिंधी क्विल्टला का चालत नाही?

अमेरिकेतल्या ‘स्क्रॅप क्विल्ट’चा (उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून केलेल्या पांघरुणाचा) फोटो पाठवला की घरून उत्तर ठरलेलं : ‘अगं, ही तर आपली गोधडीच!’ दिसायला हो. पण गोधडीत खाली-वर अखंड लुगडं असतं, तुकडे त्यावर बसतात आणि सगळा भार धावदोऱ्यावर. क्विल्टमध्ये तुकड्याला तुकडा कडेने जोडतात आणि शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच कापड असतं. विरलेलं लुगडं गोधडीत वर्षानुवर्षं टिकेल. क्विल्टमध्ये ते शिवणीलगत फाटतं.

म्हणून रंग नंतर. आधी तुकडा दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडाकडे धरा. धागे सरकून फट दिसली की बाजूला. क्विल्टिंगचं कॉटन साधारण पॉपलिनच्या अंगाचं असतं. त्याच अंगाचे पुरुषांचे सुती शर्ट थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) मिळतात. पाठीचा तुकडा मोठा निघतो, कॉलरलगतचा घासलेला भाग टाकून द्या. लेबल नसेल तर दोन धागे चिमट्यात धरून जाळा. कागदासारखी राख झाली तर सुती; गोळी झाली तर पॉलिस्टर, त्यावर इस्त्रीची घडी नीट बसत नाही. टी-शर्ट ताणतो. जीन्स वाईट नाही, पण पॉपलिनशेजारी नको. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या बायकांनी कामाच्या जाड कपड्यांच्याही क्विल्ट केल्या. त्यांच्या क्विल्टवर 2006मध्ये अमेरिकन टपाल तिकिटं निघाली.

खणाच्या कडेने धागे सुटतात. कापण्याआधी मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) चिकटवा.

पहिल्यांदा करायला ‘लॉग केबिन’ हा नमुना बरा. मध्ये अडीच इंची चौकोन, बहुतेकदा लाल (ती म्हणे घरातली चूल), भोवती दीड इंची पट्ट्यांचे चार फेरे. लगतच्या दोन बाजू फिक्या, उरलेल्या दोन गडद. शिवणीतलं पाव-पाव इंच जाऊन असा एक चौकोनी ठोकळा दहा इंची होतो. सहा गुणिले सात, म्हणजे 42 ठोकळ्यांची 60 × 70 इंची क्विल्ट. तुकड्यांची नासधूस धरून फिकं पावणेतीन वार, गडद सव्वातीन वार, चौकोनांना पाव वार. शिवण अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) जरी जास्त गेली तरी आठ शिवणींत ठोकळा एक इंचाने आखडतो. पट्टी तिरकी कापली तर ती ताणून ठोकळा वाकडा होतो, म्हणून उभ्या किंवा आडव्या धाग्यावरच कापा.

बहुतेकांची क्विल्ट फसते ती इथे : लाल, हिरवं, निळं असं निवडतात, पण फिकं-गडद पाहत नाहीत. सगळे तुकडे जमिनीवर पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. झगझगीत लाल आणि शेवाळी हिरवा त्यात अगदी एकसारखे राखाडी दिसतात. शेजारी लावले तर नक्षी बुडालीच. पांढऱ्यावर मोठी काळी फुलं असलेलं कापड आणखी फसवं. दीड इंची पट्टीतलं एकच इंच वर दिसतं, त्यात कुठे नुसता पांढरा, कुठे नुसता काळा येतो. बारीक बुट्टी घ्या. पैठणीचा मोर इथे वाया जातो.

कोरं कापड आणि धुतलेला शर्ट एकत्र शिवू नका, कोरं नंतर आटतं आणि शेजारी चुण्या पडतात. सगळं गरम पाण्यातून काढा. अजरख, इंडिगो, मरून वेगळं धुवा. मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री दाबा. डाग उमटला तर परत धुवा, तिसऱ्यांदाही उमटला तर त्याची पिशवी शिवा.

आईच्या जुन्या सुती साडीला जागा आहे, पण मागच्या बाजूला. अस्तर चारही बाजूंनी चार इंच जास्त, म्हणजे 68 × 78 इंच लागतं. 78 इंचांचे दोन तुकडे काठाला काठ जोडले की झालं, शिवण एकच. त्याला साडेचार वार पुरतं. सहावारीत दीड वार उरतं, तेवढ्यात निऱ्यांचा विरलेला भाग काढून टाकता येतो.