तुम्ही विचारलंत म्हणून: रोज वहीत लिहून मिळतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. रोजनिशी लिहिते म्हटलं की कुणी म्हणतं, ‘वा, काय शिस्त!’ आणि नातेवाईक असतील तर लगेच, ‘आमच्याबद्दल काय लिहितेस गं?’ तुमचा प्रश्न या दोन्हींपेक्षा बरा, आणि तो मला लग्नकार्यात, गाडीत, कुठेही विचारला जातो. रोज लिहून मिळतं काय?

विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं: मन मोकळं होत असेल. होतं की. 1986 साली अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायचं. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हे सगळे सांगतात. लिहून उठल्या उठल्या मात्र त्या मुलांना आधीपेक्षा जास्तच वाईट वाटत होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले. फायदा दिसतो, पण बेताचा. आणि तो चार दिवसांचा उपाय आहे, बारा महिन्यांचा नव्हे. माझे वडील गेले तेव्हा मीही तसं लिहिलं, लिहिता लिहिता रडले, आणि ती पानं पुन्हा उघडली नाहीत. त्या वेळी त्याचा उपयोग झाला.

रोजची वही वेगळी. ती मी लिहिते, कारण आपल्या आठवणीवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्याही आणि तुमच्याही.

आमचं घर सांगलीत, गावभागात, तळमजल्यावर. सांगलीकराला कृष्णेचं पाणी फुटांत कळतं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका. पावसाळ्यात सकाळचा चहा होण्याआधी दोन आकडे विचारले जातात, पुलाजवळ किती आणि कोयनेतून किती सोडलं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाकडे 2005 च्या पुराची आठवण होती, आणि त्या आठवणीनं सगळ्यांना घरात बसवून ठेवलं. त्या वर्षीच्या वहीतलं जसंच्या तसं देते:

‘सोमवार, नागपंचमी. कोपऱ्यावरच्या गटारातून पाणी उलटं यायला लागलंय. रस्ता कोरडा. शेजारचे काका म्हणाले, 2005 ला दुसऱ्या पायरीला थांबलं होतं, घाबरू नका. टाकी भरून घेतली.

मंगळवार. रात्री दहा, दुसरी पायरी. तासाला दोन बोटं चढतंय. गहू-तांदूळ माळ्यावर. फ्रीज टेबलावर चढवला.

बुधवार. पहाटे पाचला उंबरा. वरच्या मजल्यावर आलो. सिलिंडर खालीच राहिला, तो तरंगतोय. सासूबाईंच्या गोळ्या खाली राहिल्या. मोटर काढायला हवी होती.’

एवढंच. भीती वाटली, रडू आलं, असलं काही नाही. लिहायला वेळच नव्हता. पुढे पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि दुसऱ्या पायरीची गोष्ट पाण्याखाली गेली. आता खरी गंमत पुढची. जुलै 2021 मध्ये पुन्हा तसाच पाऊस लागला. दोनच वर्षं झाली होती, तरी गल्लीत तीन मतं. एक म्हणे, मागच्या वेळी पाणी भरदुपारी आलं. दुसरे म्हणत, एका रात्रीत आलं, कळलंच नाही. शेजारचे काका ठामपणे सांगत होते की मी सोमवारीच सगळ्यांना बाहेर पडा म्हणालो होतो! मी वही काढली. काकांचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं नाही, तेवढा शेजारधर्म पाळला. पण गटार उलटं फिरल्यापासून उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत दीड दिवस हातात असतो, हे त्या तीन नोंदींवरून कळलं. या वेळी गटारानं खूण दिली त्याच संध्याकाळी मोटर काढली, सिलिंडर वर नेला, सासूबाईंना गोळ्यांसकट नणंदेकडे मिरजेला धाडलं. घरात घोटाभर पाणी आलंच, पण वाहून जाण्यासारखं खाली काही नव्हतं. तेव्हापासून पावसाळ्यात गल्लीतली माणसं ‘वहिनी, तुमच्या वहीत बघा हो’ म्हणत दारात येतात. 2019 च्या पंचनाम्यालाही ती वही कामाला आली होती, कारण काय काय भिजलं याची यादी तारखेसकट तयार होती.

काका खोटं बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांना खरंच तसं आठवत होतं. चॅलेंजर यानाचा 28 जानेवारी 1986 ला स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं होतं, की बातमी तुम्ही कुठे ऐकली, कुणाकडून, काय करत होतात. अडीचेक वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. अनेकांची उत्तरं पार वेगळी निघाली, आणि तरी त्यांची स्वतःबद्दलची खात्री पक्की होती. स्वतःच्या अक्षरातला कागद पुढे ठेवला तरी जुनी आठवण काही परत आली नाही. स्फोटासारखी गोष्ट जर अशी निसटते, तर तुमचं-माझं बुधवारचं भांडण काय टिकणार?

आता डोकेदुखी. मला अर्धशिशी आहे. शेंगदाण्यानं पित्त होतं आणि पित्तानं डोकं उठतं, असं घरात पूर्वापार ठरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, महिन्यातून किती वेळा? मी म्हटलं, आठवड्याला एकदा तरी. ते म्हणाले, लिहून आणा: कधी दुखलं, आदल्या रात्री झोप किती, खाल्लं कधी. काही महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसलं, की एक दुखणं दर महिन्याला न चुकता संकष्टीला येतं आणि एकादशीला कधीच नाही. खिचडीतले शेंगदाणे दोन्ही दिवशी तेच. फरक एवढाच, की एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि संकष्टीला मी सकाळच्या चहावर चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, कोरडी. उपाशी राहिल्यानं अर्धशिशी उठते हे डॉक्टरांनी आधी एकदा सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि आपल्याच अक्षरात वाचलेलं वेगळं. आता संकष्टीला दुपारी फळं खाते. गणपतीची काही तक्रार नाही.

चार्ल्स डार्विननं आत्मचरित्रात स्वतःचा एक नियम सांगितलाय. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवायचा, कारण अशाच गोष्टी मनातून लवकर पुसल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. मी हा नियम नात्यांना लावते. जिच्याशी माझं पटत नाही तिनं माझं एखादं काम केलं, तर ते त्याच रात्री लिहायचं. जाऊबाईंनी मागितल्याशिवाय आणून दिलेला डबा, नवऱ्यानं न सांगता भरलेलं वीजबिल. भांडणात हे काही आठवत नाही, म्हणून लिहिलेलं असावं लागतं. वही उघडली की भांडण मिटतं, असं नव्हे. पण ‘तू कधीच काही करत नाहीस’ मधलं ‘कधीच’ तोंडातून निघत नाही.

एक तोटाही सांगते. तेच ते रडगाणं रोज लिहिलं तर ते जास्त मुरतं. माझ्या वहीत महिन्याच्या महिन्याला एकच वाक्य येत होतं: ‘भिशीहून आले. डोकं उठलं.’ त्याच बाई, तेच टोमणे, आणि मी ते इमानेइतबारे उतरवत होते. ते वाक्य इतक्या वेळा वाचल्यावर भिशी सोडली.

मग ‘लिहायचं काय’ हा प्रश्न येतोच. माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पहिला पाऊस, ‘दादा आला’, ‘दादा गेला’. मी तेच करते, फक्त जागा जास्त घेते. पेशव्यांच्या रोजनिशांतसुद्धा मनोगतं नाहीत. कुणाला काय दिलं, कुठे काय हुकूम सुटला, असल्या नोंदी आहेत, आणि त्यातूनच इतिहासकारांना त्या काळाचे व्यवहार कळतात. काय झालं, किती वाजता, कोण काय म्हणालं, कितीला पडलं. ‘आज खूप छान वाटलं’ हे वाक्य वर्षभरानं वाचलं तर त्यातून काहीही कळत नाही. ‘मेथी तीस रुपये जुडी, तरी घेतली’ यातून तो अख्खा दिवस उभा राहतो.

जानेवारीत भेट मिळणाऱ्या, तारखा छापलेल्या डायऱ्या मी वापरत नाही. चार दिवस खाडा झाला की ती कोरी पानं डोळे वटारतात आणि माणूस फेब्रुवारीतच सोडून देतो. साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि तारीख आपण घालावी. फोनवर लिहिणारे लिहोत. मला जुनं पान चाळताना शेजारचं पान दिसायला लागतं.

घरात कुणी वाचेल ही भीती खरी आहे. चार माणसांच्या घरात कुलूपबंद वही म्हणजे सगळ्यांना आमंत्रण. सॅम्युअल पेपीसनं सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये नऊ वर्षं रोजनिशी लिहिली ती लघुलिपीत. आपल्याला ते जमणारं नाही. माझी वही उघड्यावर, टीव्हीच्या खणात असते. दुसऱ्यानं वाचली तर चालेल एवढंच त्यात लिहिते. जे चालणार नाही ते सुट्या कागदावर लिहून फाडते. मुलीनं एकदा वही वाचली आणि म्हणाली, किती कंटाळवाणी आहे गं! हीच मला वहीची सुरक्षा वाटते.

या वह्यांचं पुढे काय करणार, असंही विचारतात. ते मुलीनं बघावं. मी हयात आहे तोवर, पाणी चढलं की आधी काय वर न्यायचं त्याचा क्रम शेवटच्या पानावर लिहिलाय: सासूबाई, गोळ्या, कागदपत्रं, वह्या, मग फ्रीज. सोनं यादीत नाही. ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे, आणि लॉकर कितव्या मजल्यावर आहे ते मी विचारून घेतलंय.