वहीत सगळं ठीक, मागावर मात्र ताणा तुटतोय

एप्रिल महिना. सोलापुरात पारा 42 च्या पुढे गेलेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माझी इंटर्नशिप चालू होती, आणि दुपार झाली की तिथं ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे पटापट तुटत होते. बाहेरगावची मोठी ऑर्डर तोंडावर आलेली. सुपरवायझर सर म्हणायचे सूत खराब, सूतवाला म्हणायचा सायझिंग (धाग्याला खळ लावणं) कच्चं, आणि सायझिंगवाल्यांच्या मते विणकरांचं लक्षच नाही. सगळं फिरून शेवटी मागावर उभ्या असलेल्या माणसावर येत होतं.

त्या माणसाची मजुरी नगावर. धागा तुटला, माग थांबला की त्याची कमाई थांबते, वर बोलणीही तोच खातो. मग किती धागे तुटले, कधी तुटले, हे तो खरं का सांगेल? कॉलेजात आम्हाला सांगितलं होतं, इंटर्नशिपमध्ये ओळखी वाढवा. माझ्या मते ओळखी वाढवण्यापेक्षा, माणसानं विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीचं आपण पुढं काय करतो, याला जास्त किंमत आहे. म्हणून मी माझ्या वहीत फक्त मागाचा नंबर, वेळ आणि धागा कुठं तुटला एवढंच लिहायचे. नाव कुणाचंच नाही. आणि ती वही मागाजवळच उघडी ठेवायचे, कुणीही वाचावी.

आमचे जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे अण्णा घरी तेलुगू बोलणारे, शहराच्या पूर्व भागातले. घराण्यात तिसरी पिढी मागावर. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, बदलताना मी त्यांना धागे हातात देत उभी राहायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माग बंद करून चाक हातानं हळूहळू फिरवलं आणि टॉवेलचा फंदा कसा पडतो ते दाखवलं. बीम दोन असतात. जमिनीचा, म्हणजे टॉवेलच्या पायाच्या कापडाचा, ताणा घट्ट, फंद्यांचा सैल. दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, कापडापासून थोडे अलीकडेच थांबतात, तिसरा आला की फणी तिन्ही मिळून पुढं ठोकते. घट्ट ताण्यावरून बाणे सरकतात, सैल धागे मात्र त्यांच्याबरोबर ओढले जातात आणि वर उचलतात. पुस्तकातली आकृती मला पाठ होती. पण तो सैल धागा डोळ्यांसमोर उभा राहताना पाहिला तेव्हा कुठं ती कळली.

कांडी भरणाऱ्या अक्कांबरोबर मी डबा खायचे. कडक भाकरी, शेंगा चटणी, आणि घरच्या गप्पा. त्यांनीच हळूहळू बोलायला सुरुवात केली. “सकाळी नाही गं तुटत एवढं. पश्चिमेच्या खिडकीजवळचे माग बघ, एक वाजल्यापासून.” विणकरही वेळा सांगू लागले. वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. सायझिंग कच्चं असतं तर सकाळीही तेवढेच धागे तुटले असते. हा कोरड्या हवेचा प्रताप होता. सुती धागा ओलाव्यात जास्त ताकद धरतो. हवा कोरडी पडली की त्यावरची खळ कडक होऊन तडकते. म्हणून विणाई खात्यात ओलावा 80 टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

पण ओलाव्याच्या रजिस्टरात रोज “ठीक”! तिथं मी अडकले.

त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी झाडलोट करणाऱ्या मावशींना हे सांगत होते. त्यांनी कप खाली ठेवला. “त्या भिंतीवरच्या बाटलीत पाणी कोण घालतंय आता? मी घालायचे. संक्रांतीनंतर मला पॅकिंगला पाठवलं.”

आम्ही दोघी उठून गेलो. भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एकाच्या बल्बला कापडी वात, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. बाटली रिकामी, वात खडखडीत कोरडी. वात ओली असेल तर तो बल्ब थंड पडतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवा किती कोरडी ते कळतं. वातच सुकली तर दोन्ही आकडे सारखे येतात, म्हणजे कागदावर ओलावा भरपूर. म्हणूनच दुपारी हवेत ओलावा सोडणारे फवारे बंद ठेवले जात होते.

सर म्हणाले, शेठना तू सांग. मी मावशींना आणि अण्णांना बरोबर चला म्हटलं. मावशी तयार होईनात. “आम्हाला कशाला पुढं करालीस? आणि त्या नव्या पोराला बोलणी बसतील.” त्यांना काळजी त्यांच्या जागी आलेल्या पोराची. मी शब्द दिला, त्याचं नाव निघणार नाही. केबिनमध्ये मी तेवढंच सांगितलं, की बाटलीचं काम कुणाला नेमूनच दिलेलं नव्हतं. ते खरंच होतं. पश्चिमेच्या खिडक्यांजवळच्या मागांचं अण्णा बोलले, बाटली कशी आठवली ते मावशींनी स्वतः सांगितलं. शेठनी दोघांनाही बसायला खुर्ची दिली, याचा मला फार आनंद झाला.

फवारे सुरू झाले. पश्चिमेच्या खिडक्यांवर ओली गोणपाटं टांगली. पुढच्या दुपारी त्याच मागांवर तूट बरीच कमी झाली, आणि तीही विणकरांनीच माझ्या वहीत लिहिली. अण्णांनी त्यात आणखी एक रकाना आखून घेतला: फवारा किती वाजता सुरू, किती वाजता बंद.

बाटलीचं काम आता पाळीच्या यादीत आहे. मावशींनी त्या पोराला जवळ उभं करून शिकवलं, “बोअरचं पाणी घालू नकोस, वातीला क्षार धरतो. बॅटरीत घालतात ते पाणी आण, आणि वात मळली की लगेच बदल.”